शिक्षक घडविणाऱ्यांना कोण घडविणार?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त अध्यापकाचार्य भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला शिक्षण या विषयावर बोलायला सांगितले. मुलांनी शिकावे, मुलींना शिकवावे, हे आता आपल्या वस्तीत कुणाला पटवून द्यावे लागत नाही. म्हणून मी आज थोडा निराळा विषय घेतला आहे. शाळेत आपल्या मुलांना गुरुजी शिकवतात, बाई शिकवतात. पण त्या गुरुजींना आणि बाईंना शिकवायचे कसे, हे कोणी शिकवले? आणि जे लोक हे काम करतात ते कोणत्या परिस्थितीत करतात? याचा विचार आपण फारसा करीत नाही. वर्तमानपत्रातही त्याची बातमी होत नाही.

डी.एड.च्या विद्यालयात शिकवणाऱ्याला आपल्याकडे अध्यापकाचार्य म्हणतात. बी.एड.ला प्राध्यापक म्हणतात, आणि जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, अधिव्याख्याता म्हणतात. नावे वेगवेगळी, पण काम एकच, शिक्षक घडविण्याचे. मी स्वतः सव्वीस वर्षे हे काम केले. आज जे सांगणार आहे त्यातले काही वाचलेले आहे, बरेचसे पाहिलेले आहे.

आपल्या समाजाचा आणि या कामाचा संबंध जुना आहे. सावित्रीबाई फुले यांनी आधी शिकवण्याचे शिक्षण घेतले. त्या वेळच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या. म्हणजे पहिल्या पिढीतली ही शिक्षिका प्रशिक्षित शिक्षिका होती, हे लक्षात ठेवा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही लष्कराच्या नॉर्मल स्कूलमधून तयार झालेले शिक्षक. पुढे लष्करी शाळेचे ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. घरात असा शिक्षक असल्यामुळे त्या मुलाच्या अभ्यासाचा पाया कसा घातला गेला, ते मी तुम्हांला सांगायला नको.

आणि जोतीराव? १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात शाळा वाढवा एवढेच म्हटले नाही. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये असावा, असे त्यांनी मागितले. म्हणजे शिक्षक कोण असावा, तो कसा तयार व्हावा आणि त्याला काय मिळावे, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या. पुढच्या काळात आपण त्या सुट्या केल्या, आणि तिथेच घोटाळा झाला.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात एक दुखणे नेमके ओळखले होते. प्रशिक्षण विद्यालये एकटी पडली आहेत, असे आयोगाचे म्हणणे होते. ती विद्यापीठांपासून तुटलेली, शाळांपासून तुटलेली आणि एकमेकांपासूनही तुटलेली. त्यावर उपाय म्हणून १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट निघाल्या. कल्पना फार चांगली होती. जिल्ह्यातल्या शाळा माहीत असलेले, तिथली बोली माहीत असलेले अभ्यासू लोक एका ठिकाणी असावेत, त्यांनी नवे शिक्षक तयार करावेत आणि जुन्यांनाही मदत करावी. मग अडले कुठे? ते मी क्रमाने सांगते.

पहिली अडचण अशी की, शिक्षकांच्या शिक्षकाला त्याच्या कामासाठी कोणी तयारच करीत नाही. आमच्या पिढीत वाट ठरलेली होती. पदवी, बी.एड., पदव्युत्तर पदवी, एम.एड., की झाला अध्यापकाचार्य. ही वाट माध्यमिक शाळेची आहे. ज्याने पहिलीच्या वर्गात एकही वर्ष काढले नाही तो माणूस उद्याच्या पहिलीच्या शिक्षकाला वाचन कसे शिकवावे ते सांगतो. सहा वर्षांचे मूल ‘क’ आणि ‘फ’ यांत का गोंधळते, हातचा घेताना कुठे चुकते, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते, डोळ्यांनी पाहिलेले नसते. यात त्या माणसाचा दोष नाही. २००९ च्या राष्ट्रीय शिक्षक शिक्षण अभ्यासक्रम आराखड्यात शिक्षक-प्रशिक्षकांच्या तयारीवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पण आराखड्यातून वर्गात यायला वेळ लागतो.

ही अडचण फक्त आपलीच आहे असेही नाही. १९९८ ते २००० या काळात इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाच्या पुढाकाराने घाना, लेसोथो, मलावी, त्रिनिदाद-टोबॅगो अशा देशांतील शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास झाला. तिथेही चित्र असेच दिसले. प्रशिक्षण देणारे बरेचसे माध्यमिक शाळेतून आलेले, आणि शिकवण्याची मुख्य रीत म्हणजे व्याख्यान आणि टिपणे. मलावीत तर १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि सुमारे एकोणीस लाखांची पटसंख्या एकदम तीस लाखांच्या घरात गेली. हजारो अप्रशिक्षित शिक्षक घ्यावे लागले. पुढे त्यांच्यासाठी तीन महिने विद्यालयात आणि बाकीचे शिक्षण नोकरी करता करता, अशी योजना निघाली. गरीब देशात शाळेचा दरवाजा उघडला की मुले लोंढ्याने येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिक्षक तयार करणारे हात त्या वेगाने वाढत नाहीत, आणि सगळा भार थोड्यांवर पडतो.

दुसरी अडचण कामाच्या ठिकाणाची. १९९५ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला कायद्याचे अधिकार मिळाले. विद्यालयांना मान्यता देणे हे तिचे काम. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात डी.एड. विद्यालये किती निघाली ते तुम्ही पाहिले आहे. बारावी झाली की डी.एड., डी.एड. झाले की नोकरी, असा तो काळ. आपल्या लोकांनी दागिने मोडून, कर्ज काढून मुलामुलींना तिथे घातले. विद्यालये वाढली, पण ती मुख्यतः खासगी आणि विनाअनुदानित. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये आयोगाचा अहवाल आला तेव्हा दिसले की, त्यांतली बहुसंख्य महाविद्यालये निकषांत बसत नव्हती. देशातल्या सेवापूर्व प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के खासगी आहेत, हेही आयोगाने नोंदवले.

आता अशा ठिकाणी काम करणाऱ्या अध्यापकाचार्याची स्थिती बघा. कागदावर पूर्ण पगार, हातात त्याचा काही भाग, तोही तीन-चार महिन्यांनी. तपासणीच्या दिवशी खुर्चीवर बसायला वेगळीच माणसे येतात आणि संध्याकाळी निघून जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव फिरून प्रवेश आणायचे, कारण जागा भरल्या नाहीत तर नोकरीच राहणार नाही. आणि ज्या मुलाला आपण हातापाया पडून आणले, तो वर्षभर वर्गात फिरकला नाही तर त्याला काय बोलणार? हजेरीपटावर सही करा म्हणून वरून सांगितलेले असते. ज्या माणसाची स्वतःची भाकरी अशी टांगलेली आहे, त्याने उद्याच्या शिक्षकांना ताठ मानेने कसे उभे राहावे ते शिकवायचे, अशी ही गंमत आहे. स्त्री अध्यापकाचार्यांचे तर विचारूच नका. तासिका तत्त्वावरच्या बाईला बाळंतपणाची रजा म्हणजे बहुधा नोकरीला रामराम.

पुढे भरती थंडावली. २०१२ साली शिक्षकभरतीवर निर्बंध आले, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, आणि प्रवेश एकदम ओसरले. विद्यालयांना कुलुपे लागली. या सभागृहातही अशी घरे असतील जिथे डी.एड.चे प्रमाणपत्र ट्रंकेत पडून आहे आणि मुलगा कुठेतरी कंपनीत पॅकिंगच्या कामावर जातो. त्या मुलाचा जसा संसार मोडला तसाच त्याला शिकवणाऱ्याचाही मोडला. चाळिशीतला एम.एड. झालेला माणूस खासगी शिकवण्या घेताना मी पाहिला आहे.

तिसरी अडचण शाळेची. शिक्षक तयार होतो तो शाळेत, सराव पाठ घेता घेता. पण सराव पाठ कसे होतात? विद्यालयाजवळची एखादी शाळा ठरवायची. मुख्याध्यापक म्हणतात, “बाई, पोर्शन राहिलाय हो, आठवड्यात आटपा.” छात्राध्यापक पाठ टाचण काढतो, तक्ते रंगवतो, पस्तीस मिनिटांचा पाठ घेतो. अध्यापकाचार्य एकाच तासाला दोन वर्गांतले पाठ पाहतात, दहा मिनिटे इथे, दहा मिनिटे तिथे. वहीवर शेरा लिहितात, ‘फलक लेखन सुधारा’. झाले.

हाच छात्राध्यापक उद्या लागतो कुठे? वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. मूल घरी गोंडी बोलते, भिली बोलते, बंजारा बोलते. त्याने सराव केला शहरातल्या एका इयत्तेचा, एका विषयाचा, मराठी बोलणाऱ्या मुलांचा. पहिल्या महिन्यातच तो गोंधळतो, आणि मग त्याला ज्या पद्धतीने लहानपणी शिकवले गेले त्याच पद्धतीवर जातो. घोका, लिहा, गप्प बसा. बहुवर्ग अध्यापन कसे करायचे हे त्याच्या बाईंनी तरी कुठे केले होते?

शाळेच्या या कामातली एक गोष्ट सांगते. छात्रसेवाकालासाठी आमचे छात्राध्यापक एका खेड्यात मुक्कामाला गेले होते. मुलींसाठी खोली ठरली होती. घरमालकिणीने आडनावे विचारली, आणि एका मुलीला म्हणाली, तू दुसरीकडे बघ. ती मुलगी काही बोलली नाही, पिशवी उचलून रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्या रात्री शाळेतल्या एका शिक्षिकेने आम्हां सगळ्यांना आपल्या घरी नेले. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी सगळ्या छात्राध्यापकांना गोल करून बसवले आणि काल काय झाले ते प्रत्येकाला बोलायला लावले. काही मुले खाली मान घालून बसली. काही म्हणाली, बाई, आमच्याही घरी असेच आहे. त्यानंतर पूर्ण गटाने त्या खोल्या सोडल्या आणि शाळेतच मुक्काम केला. समता या घटकावर परीक्षेत प्रश्न असतो, त्याचे उत्तर सगळ्यांना येते. पण अशा वेळी शिक्षकाने काय करायचे, याची तयारी अध्यापकाचार्यांकडून कोणी करून घेत नाही. जमेल तसे ज्याचे त्याने निभवायचे. माझ्या मते त्या मुलांचे खरे प्रशिक्षण त्या सकाळी झाले.

चौथी अडचण सरकारी संस्थांची. तिथे पगार वेळेवर होतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षे जागा रिक्त राहतात. एकाकडे तीन विषयांचा कार्यभार, प्राचार्य प्रभारी, आणि रोज वरून नवा तक्ता भरून मागवलेला. अधिव्याख्यात्याने शाळेत जाऊन वर्ग पाहावा अशी अपेक्षा, पण त्याचा दिवस जातो माहिती गोळा करण्यात. त्यात प्रशिक्षणांचा धबधबा. राज्यात काहींना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्याने तालुक्यात, तालुक्याने केंद्रात. वर पाच दिवस चाललेले प्रशिक्षण केंद्रापर्यंत येईतो दीड दिवसाचे होते. १९८६ नंतरच्या देशव्यापी उजळणी वर्गांपासून २०१९ च्या निष्ठा कार्यक्रमापर्यंत मार्ग बहुधा हाच. कोरोनानंतर त्यात मोबाईलवरच्या प्रशिक्षणाची भर पडली. व्हिडिओ चालू ठेवून गुरुजी दुसरे काम करतात आणि शेवटी प्रमाणपत्र येते. गुरुजींना हसण्यात अर्थ नाही. मुलांना कृतीतून शिकवा, हे ज्याला तीन तास भाषण करून सांगितले जाते, तो भाषणच शिकतो.

मंडळी, माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. शिक्षकाला आपण जसे शिकवू तसाच तो मुलांना शिकवील. म्हणून त्याच्या शिक्षकाची अवस्था सुधारल्याशिवाय शाळा सुधारणार नाही.

मग कुठे चांगले झालेच नाही का? झाले आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरमध्ये, ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे बालवाडी, शाळा आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण एकाच आवारात चालले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. जी बाई प्रशिक्षण देत होती ती सकाळी मुलांत बसत होती. आज काय जमले, काय फसले, हे शिकणारणीच्या डोळ्यांसमोर होते. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिक्षकांना प्रयोग स्वतः करायला लावीत, आणि महिन्याच्या बैठकीत शिक्षक आपल्या अडचणी मांडीत. तीस वर्षे चालून २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. आणि अलीकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. शिकवणारा माणूस मुलांपासून लांब नव्हता.

आता नवे बदल आले आहेत. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतला अनुभव सुमारे वीस आठवड्यांचा झाला. दरवर्षी शंभर प्रवेश असतील तर प्राचार्यांसह सोळा अध्यापक हवेत, असा नियम आला. २०२० च्या धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही किमान पदवी ठरवली आहे. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बी.एड. झालेला पहिली ते पाचवीसाठी पात्र नाही. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे, हे त्यातून मान्य झाले, ते चांगलेच. पण वर्षे वाढली म्हणून शिक्षण वाढत नाही. वीस आठवडे शाळेत पाठवायचे आणि पाहायला कोणी जायचे नाही, असे झाले तर ती वीस आठवड्यांची फुकटची वेठबिगारी होईल. आणि खेड्यातली डी.एड. विद्यालये बंद होऊन चार वर्षांचा खर्चाचा कोर्स शहरात गेला, तर आपल्या मुलींचे काय? जोतीरावांनी मागितलेला शेतकरी-कष्टकऱ्यांतला शिक्षक मग येणार कुठून? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

आपण काय करू शकतो? मोठी भाषा नको. ज्यांची मुले यंदा प्रवेश घेणार आहेत त्यांनी फी विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. पूर्णवेळ अध्यापक किती आणि ते कोण? सराव पाठ कोणत्या शाळांत होतात? पाठ पाहायला कोण येते आणि किती वेळ बसते? यायची गरज नाही, फक्त फी भरा, असे कोणी सांगितले तर तिथून उठा. ते स्वस्त पडत नाही, पुढे चाळीस मुलांना महाग पडते. जे शाळा व्यवस्थापन समितीत आहेत त्यांनी छात्राध्यापक शाळेत आले तर ब्याद समजू नका. त्यांना पूर्ण वर्ग द्या, आणि त्यांचे अध्यापकाचार्य आले नाहीत तर विद्यालयाला लेखी कळवा. संघटनांनी शिक्षकभरतीबरोबर डाएटच्या रिक्त जागांचीही मागणी करावी. निवडणुकीच्या वेळी उमेदवाराला एवढेच विचारा, आपल्या जिल्ह्याच्या डाएटमध्ये मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती.

आणि विहार समितीला एक विनंती. संध्याकाळी विहारात मुलांची अभ्यासिका चालते. वस्तीतल्या डी.एड., बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना तिथे आठवड्यातून दोन दिवस शिकवू द्या. आमच्यासारख्या निवृत्तांपैकी कुणीतरी मागे बसेल, पाहील आणि नंतर त्यांच्याशी बोलेल. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका सतरंजीवर बसतात, म्हणजे बहुवर्ग अध्यापनाची शाळा तुमच्याकडे तयारच आहे. त्याला मान्यता लागत नाही, देणगी लागत नाही. येत्या महिन्यापासून मी स्वतः यायला तयार आहे. कोणकोण येणार ते कार्यक्रम संपल्यावर समितीकडे नाव द्या.

 जयभीम.